डोंगराची वजावट

आमच्या केंद्रावर कुणाला काहीही झालं तरी त्याचं कारण एकच असे. डोकं दुखलं, डोंगराचं. जेवण जाईना, डोंगराचं. चष्मा डोळ्यांवर असताना खोलीभर शोधला किंवा बायकोचा वाढदिवस विसरला, तरी तेही डोंगराचंच. हे दुर्बिणींचं केंद्र लडाखच्या पूर्व टोकाला, साडेचार हजार मीटरांहून जास्त उंचीवर आहे. तिथं एका श्वासात जेवढा प्राणवायू मिळतो तो आमच्या कुरुंदवाडच्या निम्म्याहून थोडासाच जास्त. अशा जागी डोंगराकडे बोट दाखवलं की पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. उत्तर फार सोयीचं होतं. मी नऊ वर्षं ते वापरलं आणि त्यानं माझा जीव जवळजवळ घेतलाच होता.

मी भरतेश मगदूम. शिक्षण मेकॅनिकलचा डिप्लोमा, काम प्राणवायूच्या प्लान्टचं. बाहेरच्या हवेतून प्राणवायू वेगळा काढायचा आणि पाइपातून नियंत्रण कक्षात सोडायचा, म्हणजे तिथं बसलेल्या शास्त्रज्ञांची डोकी ठिकाणावर राहतात. त्यांना आकाशगंगा दिसतात, मला गेजचा काटा दिसतो; आणि माझा काटा पडला तर त्यांच्या आकाशगंगा दिसेनाशा होतील, हे मी त्यांना अधूनमधून ऐकवत असे. प्लान्टच्या भिंतीला लागूनच माझी खोली होती. पहिल्याच हिवाळ्यात मी रीतसर परवानगी काढून पाइपाची एक तोटी माझ्याही खोलीत घेतली. प्लान्ट चालवणारा माणूस झोपेत गुदमरू नये, एवढाच हेतू. त्यामुळे बाकीचे सगळे डोंगरावर झोपत आणि मी, हवेच्या हिशेबानं, सिमल्याला. लग्न झाल्यावर आंग्मोही माझ्याबरोबर सिमल्याला राहायला आली.

पद्मा आंग्मो केंद्राची डॉक्टर. लेहची. तिला मराठी मी शिकवलं, म्हणजे ती अस्सल आमच्याकडचं बोलते. पुण्याच्या एका खगोलशास्त्रज्ञाला तिनं एकदा "गोळी घेतलासा काय न्हाई?" असं दरडावून विचारलं होतं, आणि तो बिचारा मुकाट्यानं गोळी गिळून गेला होता. आम्ही दोघं लेहमध्ये घर बांधून म्हातारं व्हायचं ठरवून बसलो होतो. जमीन तिच्या वडिलांनी दिली होती.

आता माझ्या पाहुण्याबद्दल. माझ्या यकृतात जन्मापासून हिपॅटायटिस बीचा विषाणू आहे. तो आईकडून आला, तिला तिच्या आईकडून आला असावा. तेव्हा जन्मल्याबरोबर लस टोचायची पद्धत आमच्या बाजूला पोचली नव्हती. माझी थोरली बहीण त्रिशला, आमची अक्का, कशी कोण जाणे पण सुटली. मामा सुटला नाही. पन्नाशीच्या आत यकृताच्या कॅन्सरनं गेला, आणि तो गेला तेव्हा अक्का बारावीला होती. तिनं डॉक्टर व्हायचं आणि यकृतच धरायचं त्या वर्षी ठरवलं. घरात याची चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. अक्कानं ठरवलं की चर्चा होत नसते.

मी रोज एक गोळी घेतो. ती विषाणूची संख्या दाबून ठेवते. पण विषाणू हुशार आहे, त्यानं आपले काही तुकडे माझ्या पेशींच्या मूळ लेखनात, म्हणजे जनुकांतच, घुसवून ठेवलेत, आणि ते गोळीनं निघत नाहीत. ते तिथं बसून काय करतात, हे अक्कानं मला एकदा समजावलं होतं. तिनं पुस्तकी भाषेत सुरुवात केली, मी जांभई दिली, तेव्हा ती माझ्या प्लान्टच्या उदाहरणावर आली.

माझ्या प्लान्टमध्ये एक भोंगा आहे. त्याची रचना उलटी आहे. तो सतत वाजायलाच बघतो. टाकीतला दाब त्याचं बटण दाबून धरतो म्हणून तो गप्प असतो. दाब पडला की बटण सुटतं आणि भोंगा ओरडतो. आपल्या प्रत्येक पेशीतही अशीच व्यवस्था आहे, अक्का म्हणाली. पेशी एक निरोप्या प्रथिन सतत तयार करत असते आणि काही मिनिटांत मोडूनही टाकते. मोडायचं की नाही हे प्राणवायू ठरवतो: तो भरपूर असेल तर निरोप्यावर 'मोडा' असा शिक्का बसतो. प्राणवायू कमी पडला की शिक्का बसत नाही, निरोप्या जिवंत राहतो, पेशीच्या केंद्रात शिरतो आणि शेकडो जनुकं जागी करतो. नव्या रक्तवाहिन्या काढा, प्राणवायूशिवाय साखर जाळा, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवा, कसंही करून तगा. डोंगरावर माणूस टिकतो तो या भोंग्याच्या जिवावर.

विषाणू हे बटण बिघडवतो. त्याचं एक चिमुकलं प्रथिन निरोप्याला पाठीशी घालतं, मोडू देत नाही. मग हवा मुबलक असतानाही पेशीला वाटतं की आपण गुदमरतोय. असं वर्षानुवर्षं वाटत राहिलेली पेशी काय करील? ती रक्तवाहिन्या ओढून घेते, साखर खाते, शरीराच्या पहारेकऱ्यांपासून लपते आणि वाढत सुटते. तिची गाठ होते. गाठ मोठी झाली की आतल्या पेशींना खरोखरच प्राणवायू पोचेनासा होतो, आणि खोटा भोंगा खरा होऊन बसतो. एकट्या माझ्याच विषाणूची ही खोड नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा विषाणू घ्या किंवा काही रक्ताच्या कॅन्सरांमागचे घ्या, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ही चोरवाट आपापल्या परीनं शोधून ठेवली आहे.

अक्काच्या गटानं हा खोटा भोंगा गाठ होण्याआधीच ऐकायचं यंत्र केलं. त्याचं नाव चाहूल. रविवारी सकाळी एक कॅप्सूल घ्यायची. तिच्यातले सूक्ष्म कण यकृतात जातात, आणि जिथं निरोप्या जागा असेल तिथं फुटून एक निरुपद्रवी वायू सोडतात. तो श्वासात येतो. दोन तासांनी नळीत फुंकायचं, आकडा आपोआप पुण्याला. यंत्र खूप नाजूक ऐकायचं, पण त्यामुळेच माझ्यासारख्यांची पंचाईत होती: डोंगरावर भोंगा खराच वाजत असतो. म्हणून अक्काच्या गटानं उंचीवरच्या शेकडो निरोगी माणसांचे श्वास तपासून उंचीची वजावट काढली. साडेचार हजार मीटरवर भोंगा इतका वाजणारच, तेवढा वजा करा, उरेल तो विषाणूचा. माझ्या आकड्यातून दर रविवारी डोंगर वजा होई आणि हिरवा दिवा लागे. आईला यंत्रापेक्षा कॅप्सूलची काळजी. वरचं आवरण कशाचं आहे, प्राण्याचं तर नाही ना, असं तिनं विचारलं, आणि अक्कानं सगळ्या देशासाठीच वनस्पतीचं आवरण केलं. आमच्या घरी शास्त्रावर शेवटची सही आईची असते.

त्या वर्षी थंडी सुरू होताना मी बारीक झालो. संध्याकाळी थकवा यायचा, उजव्या कुशीत जड वाटायचं. आंग्मो मागे लागली. मी म्हणालो, डोंगराचं आहे, आणि चाहूलचा हिरवा दिवा तिच्या नाकासमोर धरला. अक्काला फोनवर सांगितलं तर तीही म्हणाली की दिवा हिरवा आहे, काळजी नको, जरा खात जा. दोन डॉक्टर घरात असण्याचा हा तोटा, दोघींचाही यंत्रावर विश्वास.

केंद्रावर एक रिवाज आहे. सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातूनच, बोटाला चिमटा लावायचा आणि रक्तातल्या प्राणवायूचा आकडा इंटरकॉमवर सांगायचा. रात्रीतून कुणाची तब्येत ढासळलेली नाही ना, ते कळावं म्हणून. आंग्मो ऐकते, मगच चहा. एका रविवारी मी कॅप्सूल घेऊन अक्काशी व्हिडिओ कॉलवर बोलत होतो. आई तिच्याकडे पुण्याला आली होती, आणि काल दिवस मावळायच्या आत जेवलास काय, हा तिचा नेहमीचा प्रश्न विचारून झाला होता. मागं इंटरकॉम चालू होता. शास्त्रज्ञ, ड्रायव्हर, स्वयंपाकी एकेक करून आकडे सांगत होते. माझी पाळी आली, मी सांगितला, आणि पलीकडून दोघातिघांनी नेहमीप्रमाणे टोमणा मारला की सिमल्याचे पाहुणे उठले वाटतं.

अक्का बोलता बोलता थांबली.

"भरत्या, तुझा किती म्हणालास?"

"चौऱ्याण्णव."

"आणि त्यांचे पंच्याऐंशी, शहाऐंशी?"

"त्यांना कुठं माझ्यासारखी खोली हाय?" मी जरा ऐटीतच म्हणालो.

"कसली खोली?"

मी खोलीची कथा सांगितली. पाइपाची तोटी, प्लान्टच्या आतली हवा, दिवसाचे बहुतेक तास आणि सगळी रात्र मी तिथंच कसा असतो ते सगळं. मी हसत सांगत होतो आणि तिकडे अक्काचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी ती इतकंच म्हणाली, "आम्ही तुझ्यातनं साडेचार हजार मीटर वजा करायलोय, आणि तू झोपतोस सिमल्याला."

मला समजायला क्षणभर लागला. माझ्या शरीराला डोंगर जेवढा जाणवत होता त्याहून कितीतरी मोठा डोंगर दर आठवड्याला माझ्या आकड्यातून वजा होत होता. त्या जादा वजावटीखाली दुसरं काहीतरी आरामात लपलेलं असू शकत होतं. माझी खोली आंग्मोला माहीत होती, वजावट अक्काला माहीत होती, आणि मला दोन्ही माहीत असूनही मी कधी ती एकमेकांशेजारी ठेवली नव्हती.

खात्री करून घ्यायची युक्ती आंग्मोनं काढली. केंद्रावर एक दाबाची पिशवी असते, माणूस आत निजेल एवढी लांब. एखाद्याला डोंगर फारच बाधला आणि रस्ता बंद असला तर त्याला पिशवीत घालून पंपानं हवा भरतात. शरीराला वाटतं आपण खाली उतरलो. वरून प्राणवायूचा मुखवटा लावला की पिशवीतला माणूस हवेच्या हिशेबानं थेट समुद्रकाठी. खरा भोंगा असेल तर तासाभरात गप्प होईल. खोटा असेल तर वाजत राहील.

मी पिशवीत आडवा झालो. आंग्मो पायानं पंप मारत होती, आणि पारदर्शक खिडकीतून मला तिचा चेहरा दिसत होता. मी आतून विनोद करायला लागलो, तर ती म्हणाली, "गप पडून ऱ्हा की." तिचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मग मी गप्प पडलो आणि पंपाचे आवाज ऐकत राहिलो. मला भीती वाटत होती. मामा शेवटी शेवटी कसा दिसायचा ते आठवत होतं.

ठरलेल्या वेळी मी आतूनच नळीत फुंकलं. वजावटीआधीचा आकडा जवळजवळ नेहमीएवढाच होता. समुद्रकाठी निजलेल्या माणसाच्या यकृतात कुणीतरी अजून हवेसाठी ओरडत होतं. आंग्मोनं पंप थांबवला, पिशवीची चेन उघडली, आणि माझा हात धरून बराच वेळ तशीच जमिनीवर बसून राहिली.

पुण्यात गाठी सापडल्या. दोन होत्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, साध्या तपासणीत कुणाच्या नजरेस पडल्या नसत्या अशा. सुईनं जाळून टाकल्या, दुसऱ्या दिवशी मी चालत बाथरूमला गेलो. अक्काच्या सहकाऱ्यांनी अभिनंदन केलं; एवढ्या लवकर सापडलेली ही त्यांची पहिलीच केस. अक्कानं अभिनंदन घेतलं नाही. तिनं त्याच आठवड्यात वजावटीचा सगळा तक्ता रद्द केला. आता चाहूलच्या प्रत्येक डबीत बोटाचा चिमटा असतो आणि वजावट उंचीची न होता त्या त्या माणसाच्या रक्ताची होते.

पण गाठी जाळल्या म्हणून विषाणूचे तुकडे जात नाहीत. उरलेल्या यकृतात ते जागोजाग बसलेत, आज ना उद्या दुसरा दाणा उगवणारच. त्यावर औषध आहे. निरोप्यालाच पकडून निकामी करणारं, आणि ते वर्षानुवर्षं घ्यायचं. अक्कानं ते माझ्यासमोर टेबलावर ठेवलं आणि आधी खिडकीबाहेर बघितलं. तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी अवघड येतंय.

औषधाला खोटा निरोप्या आणि खरा निरोप्या यांतला फरक कळत नाही. ते दोघांनाही पकडतं. म्हणजे विरळ हवेत गेल्यावर ज्या निरोप्याच्या जिवावर माणसाचा श्वास वाढतो, रक्त दाट होतं, दम लागल्याचं वेळेत कळतं, तोच माझ्या अंगात राहणार नव्हता. केंद्र तर सोडाच, लेहसुद्धा मला बंद. लेह बंद म्हणजे आंग्मोच्या वडिलांनी दिलेली जमीन बंद. आंग्मो फोनवर म्हणाली की ती कुरुंदवाडला येईल, तिथं काय दवाखाने नाहीत? ती मनापासून म्हणत होती आणि म्हणूनच मला ते ऐकवेना. तिची म्हातारी आईबापं तिथं, तिचे रुग्ण तिथं. उन्हाळ्यात कृष्णाकाठच्या उकाड्यात तिचं काय होईल, तेही मला दिसत होतं.

आईनं हे सगळं ऐकलं आणि ती स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो तर ती ओट्याशी पाठमोरी उभी होती.

"माझ्याच पोटातनं घेऊन गेलास बघ हे," ती म्हणाली. "मी धड असून तुला दिलं."

मी तिच्या हातातली वाटी घेऊन उगाच धुतली.

चार दिवस मी औषधाची डबी उघडली नाही. पाचव्या दिवशी सकाळी, पुण्याच्या फुकटच्या भरघोस हवेत फिरताना, मला माझी खोली आठवली. जिच्यामुळं मी मरणार होतो ती खोली. तिनं माझ्या शरीराला नऊ वर्षं साडेचार हजार मीटरवर सिमल्यात ठेवलं होतं, आणि तेही इतकं बेमालूम की पुण्याच्या संशोधकांना पत्ता लागला नाही. एक तोटी जे करू शकते ते एक प्लान्ट किती नीट करील? लेह केंद्राहून हजारेक मीटर खाली. तिथल्या घरातल्या हवेत शेकडा एकवीसऐवजी अठ्ठावीस प्राणवायू ठेवला तर घर येतं महाबळेश्वरच्या उंचीवर. मी घरी जवळजवळ पळतच आलो.

अक्कानं हिशेब तपासला. हिशेब बरोबर होता म्हणून ती जास्तच चिडली.

"तुझ्या अंगातला भोंगा मी बंद करणार हाय, कळतंय का? तिथं एखादी नळी तुंबली तर तुला दमसुद्धा लागणार न्हाई. हसत हसत जाशील."

"मग भोंगा अंगाबाहेर लावतो की," मी म्हणालो. "आयुष्यभर दुसरं काय केलंय मी?"

अक्कानं कागद ओढला आणि दाबाची बटणं कुठं कुठं बसवायची त्याचं चित्र काढायला लागली. अक्का हरली की मदत करते, हा तिचा सगळ्यात मोठा गुण.

घर उन्हाळ्याभरात उभं राहिलं. दोन दारांची देवडी, रबराच्या पट्ट्यांनी बंद केलेल्या खिडक्या, मागच्या खोलीत माझा छोटा प्लान्ट, आणि मधल्या पडवीत भोंगा. प्राणवायू जास्त म्हणून घरात विस्तव नाही. गॅस नाही, उदबत्ती नाही. विजेच्या शेगडीवर स्वयंपाक. आंग्मो लेहच्या दवाखान्यात रुजू झाली. मी औषध सुरू केलं, आणि तिसऱ्या महिन्यात चाहूल पहिल्यांदा काहीही वजा न करता शांत आली. बाहेर पडताना नाकात नळी आणि पाठीला सिलिंडर. केंद्रावर मात्र आता कायमची बंदी. प्लान्ट दुसऱ्याच्या ताब्यात गेला. तिथल्या उघड्या उतारावर उभं राहून मान वर करायची आणि चांदण्यांनी डोकं गरगरू द्यायचं, ते पुन्हा होणार नाही. त्याचं वाईट वाटतं. वाटायलाच हवं.

दिवाळी झाल्यावर आई आली. अडुसष्टाव्या वर्षी, पहिल्यांदा विमानात, मांडीवर चिवड्याचा डबा. दारातून आत येऊन दोन-चार श्वास घेतले आणि म्हणाली, आपल्यासारखीच हवा आहे की रे. तिला पडवीतला भोंगा दाखवला, सकाळी आकडे सांगायचा रिवाज शिकवला. विजेच्या शेगडीवर भाकरी फुगत नाही म्हणून ती माझ्यावर रागावली, भाकरीवर नाही. दोन-तीन दिवसांत आंग्मोच्या आईशी खुणांनी बोलायलाही लागली, आणि डोंगराचं आहे म्हणायलाही शिकली.

मग तो बुधवार. आंग्मो दवाखान्यात होती. डोंगरामागे सूर्य लवकर जातो, म्हणून आईची जेवणाची घाई चालली होती. फोडणीचा वास घरभर होऊ नये म्हणून तिनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं. मी आत ताटं मांडत होतो आणि खुशीत होतो. विनाकारण खुशीत. गाणं गुणगुणत होतो आणि तिघांसाठी पाच ताटं मांडून ठेवली होती, त्याचंही मला हसू येत होतं.

आई कालथा ठेवून स्टुलावर बसली. कपाळ दाबत म्हणाली, "जरा गरगरल्यागत झालं. दम लागतोय." आणि मला काळजी नको म्हणून लगेच पुढं म्हणाली, "डोंगराचं असंल."

"हां, डोंगराचं," मी म्हणालो. नऊ वर्षांची सवय, तोंडातून आपोआप निघालं. आणखी एक ताट घ्यायला हात पुढं केला, आणि तिथंच थांबलो. डोक्यात काहीतरी फार सावकाश सरकत होतं. डोंगराचं कसं असेल? या घरात डोंगर नाही. मी तो दाराबाहेर ठेवलाय.

चिमटा शोधून आईच्या बोटाला लावला. ब्याऐंशी. माझ्या बोटाला लावला. पंच्याहत्तर. मी तो आकडा वाचला आणि मला काहीही वाटलं नाही. दम नाही, छातीत धडधड नाही, काही नाही. अक्का म्हणाली होती तसंच, हसत हसत. त्या क्षणी मी जेवढा घाबरलो तेवढा पिशवीतही घाबरलो नव्हतो.

तेव्हा माझं लक्ष शेगडीमागच्या खिडकीकडे गेलं. वाफ जायला आणि मोकळी हवा यायला आईनं ती उघडली होती, रबराची पट्टी सोलून. आयुष्यभर प्रत्येक स्वयंपाकघरात तिनं तेच केलं होतं. बंद दाराआड आम्ही दोघं लेहच्या उघड्या हवेत बसलो होतो, आणि पडवीतला भोंगा पडवीची उत्तम हवा मोजत गप्प होता. एवढा शहाणा मी, भोंगा एकच लावला होता, आणि तो भलत्या जागी.

मी दार ढकललं, आईला धरून पडवीत आणलं, दोघांच्या नाकाला नळ्या लावल्या. मग परत जाऊन खिडकी बंद केली. हळूहळू आकडे चढले. आई माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला सगळं समजलं होतं.

"परत माझ्यामुळंच," ती म्हणाली.

"खिडकी तूच उघडलीस," मी म्हणालो. "आणि दम लागतोय हे पण तूच म्हणालीस. मला तर काय कळतच नव्हतं, आई. तू नसतीस तर आंग्मो घरी येईपर्यंत मी गाणं म्हणत बसलो असतो."

आई उठली आणि गार झालेल्या भाकऱ्या पडवीतच घेऊन आली. बाहेर अजून उजेड होता, आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक खोलीत एकेक भोंगा बसवला, स्वयंपाकघरात दोन. अक्काला फोनवर सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं, पण तिनं फक्त आईला फोन द्यायला सांगितलं, आणि दोघी बराच वेळ काहीतरी हळू आवाजात बोलत होत्या.

आई पंधरवड्यासाठी आली होती. तिचं परतीचं तिकीट अक्कानं दोनदा पुढं ढकललंय. सकाळी उठल्या उठल्या आम्ही आपापल्या अंथरुणातून आकडे सांगतो. आधी आंग्मो, मग मी. आई सगळ्यात शेवटी सांगते. आधी ती माझा नीट ऐकून घेते.